एकाच बागेत एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची चार एकर द्राक्षबाग आहे. माझे मिस्टर आणि धाकटे भावजी मिळून बाग बघतात. भावजी ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवतात. मिस्टर औषध कालवतात, आणि ब्लोअर पोचत नाही त्या कडेच्या ओळींना गनने औषध मारतात. दोन वर्षं झाली, मिलीबग किडीचं औषध मारलं की संध्याकाळी ह्यांचं डोकं जड होतं, दरदरून घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं, छाती आवळल्यासारखी वाटते, नजर धूसर होते. सकाळी उठले की बरे. भावजींना कधी काही होत नाही. सासरे म्हणतात, "आम्ही उघड्या अंगानं एंड्रिन मारलं, आम्हाला काय झालं? ह्याच्या अंगातच दम नाही." ते ऐकून मिस्टर आता त्रास झाला तरी सांगत नाहीत. पण कपडे मी धुते, मला कळतं. पँट पिळली तर औषधाचं पाणी निघतं.

माझ्या भाच्यानं मोबाईलवर जीन टेस्टची जाहिरात दाखवली. थुंकी पाठवायची, कुणाला कशाचा त्रास होईल ते कळतं म्हणे. पंधरा हजार सांगतात. करावी का? हे रक्तातच असेल तर मुलांनाही येईल का? मोठा सात वर्षांचा, धाकटा नऊ महिन्यांचा आहे. जाऊबाईंना तिसरा महिना आहे, छाटणीनंतर त्याही फेलफूट (नको असलेली फूट) काढायला, विरळणीला (घड-मणी कमी करायला) बागेत असतात. छाटणी जवळ आली, म्हणून लवकर उत्तर द्या.

— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर

ताई,

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. पंधरा हजार त्या टेस्टवर घालवू नका. त्यातल्या थोडक्या पैशांत मिस्टरांच्या रक्ताची एक साधी तपासणी होते, ती छाटणीआधी करून घ्या. ती कोणती, कशासाठी आणि केव्हा करायची ते पुढे सविस्तर लिहितो. आणि सासऱ्यांना वाचून दाखवता येईल अशा शब्दांत एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो: तुमच्या मिस्टरांना होतो तो त्रास विषबाधेचा दिसतो, त्याचा अंगातल्या दमाशी काही संबंध नाही.

घाम, लाळ, छाती आवळणं आणि धूसर नजर हे सगळं फवारणीच्या दिवशीच एकत्र येत असेल, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल तो ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचा. मिलीबगसाठी क्लोरपायरीफॉस मारलं जातं, ते याच गटातलं. आपल्या शरीरात नसेकडून स्नायूला किंवा ग्रंथीला जो निरोप जातो तो असेटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत जातो. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते रसायन तिथल्या तिथे मोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं त्या एन्झाइमला निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथी वाहत राहतात, श्वासनलिका आवळते, डोळ्याची बाहुली बारीक होते, मळमळतं, दंडाचे-मांड्यांचे स्नायू फडफडायला लागतात.

"सकाळी उठले की बरे" या तुमच्या वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. त्रास रात्रीत ओसरतो, पण मेलेलं एन्झाइम रात्रीत परत येत नाही. तांबड्या पेशींमधलं कोलिनेस्टरेज पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात, कारण त्यासाठी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. म्हणजे आठ-दहा दिवसांनी पुढचा फवारा येतो तेव्हा मिस्टर भरल्या साठ्यानिशी बागेत उतरत नाहीत, मागच्या वेळी जे उरलं होतं तिथून सुरुवात करतात.

आता तुमचा मूळ प्रश्न: एकालाच का? माणसामाणसात हा फरक खरोखर असतो, आणि त्यातला काही भाग जन्मतः असतो. क्लोरपायरीफॉस डब्यात असतं तसंच्या तसं फारसं घातक नसतं. शरीरात गेल्यावर मुख्यतः यकृत त्याचं ऑक्सॉन हे रूप तयार करतं, आणि खरा घाव ते रूप घालतं. या ऑक्सॉनला रक्तातच तोडणारं एक एन्झाइम आहे, पॅराऑक्सोनेज, शास्त्रीय नाव पॉन-१. ते यकृतात बनतं आणि रक्तातल्या चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर बसून फिरतं. त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकात काही ठिकाणी माणसागणिक फरक असतो. एका ठिकाणच्या फरकाने एन्झाइम किती चपळ आहे ते ठरतं, दुसऱ्या ठिकाणच्या फरकाने ते किती बनतं ते ठरतं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार आयांमध्ये या एन्झाइमचं प्रमाण एकीपासून दुसरीपर्यंत १४ पटींपर्यंत वेगळं होतं, आणि नवजात बाळांमध्ये २६ पटींपर्यंत.

हा आकडा किती मोठा आहे ते लक्षात यावं म्हणून सांगतो. कुठल्याही रसायनाची सुरक्षित मर्यादा ठरवताना जनावरांवरच्या प्रयोगातला आकडा घेतात. त्याला जनावर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १० ने भागतात आणि माणसामाणसातल्या फरकासाठी आणखी १० ने. ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आली आहे. एकाच एन्झाइममध्ये फरक चौदा पटींचा असेल, तर ती दहाची सूट सगळ्यांना पुरेलच असं नाही. डब्यावरच्या मात्रेत एकाला काही होत नाही आणि दुसरा आडवा होतो, हे म्हणूनच घडू शकतं.

आणि हे दोघे सख्खे भाऊ असले तरी. सख्ख्या भावांची जनुकं सरासरी निम्मी जुळतात, उरलेली निम्मी प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी येतात. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. थॉम्पसन या द्राक्षजातीच्याच बागेतून एक वेगळी काडी हेरून तास-ए-गणेश ही जात तुमच्याच तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आरवे यांनी पुढे आणली. एका मुळाची वेल वेगळी निघते, तसं एका आईच्या पोटचं लेकरूही वेगळं निघतं. त्यात कमीपणा कसला?

सासऱ्यांच्या एंड्रिनबद्दल. ते खोटं बोलत नाहीत, आणि त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण एंड्रिन ऑर्गॅनोक्लोरिन गटातलं होतं. त्याची मारण्याची रीत वेगळी, आणि पॉन-१ त्याला तोडत नाही. एंड्रिन अंगाला लागून काही झालं नाही यावरून क्लोरपायरीफॉसबद्दल काहीच कळत नाही, अगदी त्यांच्या स्वतःच्या अंगाबद्दलसुद्धा. एंड्रिनवर आपल्या देशात १९९० मध्ये बंदी आली. शिवाय "आम्हाला काही झालं नाही" हे सांगायला जे उरले तेच सांगतात. ज्यांनी त्रास होतो म्हणून औषध मारणं सोडलं, ते पारावरच्या गप्पांत याचा विषय काढत नाहीत.

एवढं सगळं जनुकांबद्दल लिहून मी आता तुमच्या पत्रातल्या पँटकडे येतो. जनुकाचा संशय धरण्याआधी कामाची वाटणी बघा. भावजी ट्रॅक्टरच्या सीटवर आहेत, औषध त्यांच्या मागे उडतंय, आणि ते हाताळतात ते पाण्यात मिसळलेलं. मिस्टर डब्यातलं कडक औषध मापतात, ओततात, बॅरलमध्ये ढवळतात. मग गन घेऊन ओल्या पानांतून, मांडवाखालून चालतात. म्हणजे दोघांच्या अंगावर पडणारं औषध मुळातच सारखं नाही.

त्यात ओली पँट. ऑर्गॅनोफॉस्फेट नाकातून जातं त्याहून कितीतरी जास्त कातडीतून जातं, आणि सगळी कातडी सारखी नसते. अमेरिकेत पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेटवर झालेला, १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आजही प्रमाण मानतात. माणसांच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी अगदी थोडं औषध लावून त्यातलं किती आत जातं ते मोजलं होतं. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के आत गेलं, तळहातातून १२ टक्के, कपाळातून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के. वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. म्हणजे हातात मोजे घातले आणि पँट जांघेपर्यंत भिजली, तर ज्या जागी सगळ्यात जास्त शोषलं जातं तिथेच ते तासन् तास धरून ठेवलंय. तुम्ही ती पँट पिळता तेव्हा जे निघतं ते उरलेलं. त्याआधी काही अंगात गेलेलं असतं. मिस्टरांना हा परिच्छेद एकांतात वाचायला द्या.

हे दोन्ही खरं असू शकतं बरं का: अंगावर औषध जास्त पडतंय आणि अंगात ते तोडायची ताकद जन्मतः कमी आहे. पण पहिलं उद्यापासून बदलता येतं, दुसरं कधीच नाही.

मग टेस्ट का नको? थुंकीतून जनुकाची अक्षरं कळतात, रक्तात एन्झाइम प्रत्यक्षात किती आहे ते कळत नाही. जनुकाचा प्रकार एकच असलेल्या माणसांतसुद्धा पॉन-१ चं प्रमाण दहा पटींहून जास्त वेगळं सापडतं. त्यातही ते सगळ्या विषांना पुरं पडत नाही. उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं तेव्हा क्लोरपायरीफॉस आणि डायझिनॉनच्या ऑक्सॉनचा मार त्यांना जास्त बसला, पॅराथिऑनच्या ऑक्सॉनचा बसला नाही. तुमच्या बागेत हंगामात कीटकनाशक, बुरशीनाशक, संजीवक मिळून कितीतरी प्रकारची औषधं पडतात. एका जनुकाचा कागद त्यातल्या दोन-चार औषधांबद्दल अर्धवट काहीतरी सांगणार.

आणि समजा कागद आला. "तुम्हाला धोका कमी" असं आलं, तर मिस्टर उद्या मोजेही काढून ठेवतील. "धोका जास्त" असं आलं, तर घरात त्यांच्या नावाला जो शब्द चिकटला आहे त्याला शिक्का मिळेल. दोन्हीपैकी कशानेही त्यांच्या अंगावर पडणारं औषध थेंबभर कमी होणार नाही.

इथे मला आपल्याच भागातली एक गोष्ट सांगायची आहे. ती आज फारशी कुणी सांगत नाही, आणि मला ती फार मोलाची वाटते. साधारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. डॉक्टरी भाषेत इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. एकाच घरात एकामागून एक भावंडं जायची, म्हणून लोक म्हणायचे घराण्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या घरची चौकशी केली. मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं होतं. घरी वरचं दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, ठेवलं जायचं. कल्हई उडालेली किंवा केलेलीच नसलेली. दुधातलं प्रथिन तांबं ओढून घेतं, आणि ते दूध बाळ रोज प्यायचं.

त्याच गावात तसल्याच भांड्यातलं दूध पिऊन धडधाकट राहिलेली मुलंही होती. म्हणजे काही मुलांच्या अंगात तांबं बाहेर टाकण्याची क्षमता जन्मतः कमी असावी असा दाट संशय होता. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातही अगदी असाच आजार होता. तिथे १९०० ते १९७४ या काळातल्या १३८ मुलांच्या वंशावळी तपासल्यावर तो आनुवंशिक रीतीनेच घराण्यांत उतरल्याचं दिसलं, आणि तिथेही दूध तांब्याच्या भांड्यातच तापवलं जायचं. पण ना टिरोलमध्ये कुणी नाजूक मुलं शोधून वेगळी काढली, ना आपल्याकडे. भांडं बदललं. पुण्याच्या डॉक्टरांनी घरोघरी सांगायला लावलं की बाळाचं दूध पितळेत तापवू नका. स्टील आणि ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात आलं, आणि तो आजार बघताबघता नाहीसा झाला. ती जनुकं आजही आपल्या लोकांत असतील. त्यांना आता कुणी विचारत नाही, कारण दुधात तांबं नाही.

तुमच्या बागेत भांडं बदलणं म्हणजे काय? पहिली गोष्ट, या हंगामात कालवणं आणि गन ही दोन्ही कामं मिस्टरांकडून काढा. निदान रक्ततपासणी होऊन डॉक्टर सांगेपर्यंत. पण ती भावजींच्या गळ्यात तशीच घालू नका. मोजे नायट्राइलचे हवेत, कोपरापर्यंतचे. कापडी मोजे औषध शोषून हाताला धरून ठेवतात. तोंडाला बांधलेला टॉवेलही भिजला की तेच करतो. कमरेपासून खाली प्लॅस्टिकचा एप्रन आणि गमबूट, पँटची टोकं बुटाच्या बाहेर. कालवताना चष्मा, आणि वाऱ्याकडे पाठ. हाताने ढवळायचं नाही. कपडे भिजले की काम थांबवून तिथल्या तिथे बदलायचे, "एवढी ओळ होऊ दे" म्हणायचं नाही. आणि एकाच बॅरलमध्ये तीन-चार औषधं कालवायची सवय सोडा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली. त्या चौकशीतही औषधांच्या मिश्रणांचा, अंगावर काहीच संरक्षण नसण्याचा आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात फवारण्याचा विषय निघाला होता.

डब्यावरचा त्रिकोण तर तुम्हाला माहीत असेलच: लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. दुकानदाराला मिलीबगसाठी निळ्या-हिरव्या त्रिकोणातलं काय आहे ते विचारा, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट टाळता येईल तिथे टाळा.

आता ती रक्ततपासणी. तिचं नाव कोलिनेस्टरेज. रक्तद्रवातलं, ज्याला लॅबमध्ये सिरम कोलिनेस्टरेज म्हणतात, ते मोठ्या लॅबमध्ये होतं. तांबड्या पेशींतलं जमलं तर अधिक चांगलं. त्यासाठी सांगली-मिरजेत मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात विचारा. यातली मेख अशी की ही तपासणी दोनदा करावी लागते. निरोगी माणसांत याचा आकडा इतका वेगवेगळा असतो की एखाद्याचा निम्म्यावर आला तरी लॅबच्या कागदावर "नॉर्मल"च छापून येतो. म्हणून आधी त्या माणसाचा स्वतःचा मूळ आकडा लागतो. शेवटचं ऑर्गॅनोफॉस्फेट मारून किमान महिना उलटल्यावर, म्हणजे छाटणीआधी, रक्त द्यायचं. मग हंगामात दोन-तीन फवारे झाल्यावर त्याच लॅबमध्ये परत. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी हे कायद्याने लागू आहे. आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला की मालकाने कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतला ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर आला की मजुराला औषधाच्या कामावरून हटवायचं, आणि परत ८० झाल्याशिवाय घ्यायचं नाही. माणूस मुळात दणकट का नाजूक हे तिथे कुणी विचारत नाही. त्याचं त्याच्याच आकड्याशी ताडून बघतात, म्हणून जनुक कुठलंही असलं तरी ही तपासणी त्याला लागू पडते.

मला मनापासून वाटतं की आपल्याकडेही हे व्हायला हवं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा अख्खा पट्टा हादरला होता. आज निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची ग्रेपनेट या सरकारी संगणक प्रणालीवर नोंद होते, घडांचे नमुने लॅबला जातात, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्यावर लक्ष ठेवते. हे चांगलंच झालं. पण ज्या बागेच्या घडात दशलक्षात किती भाग औषध उरलं ते आपण मोजतो, त्याच बागेत औषध मारणाऱ्या माणसाचं रक्त हंगामात एकदाही कुणी मोजत नाही. तुमच्या गावात द्राक्ष बागायतदारांचा गट असेल तर छाटणीआधी सगळ्या फवारणाऱ्यांचं रक्त एकाच दिवशी द्यायची गोष्ट तिथे काढा. चारचौघांबरोबर गेले तर मिस्टरही जातील.

भावजींचंही रक्त तपासाच. त्यांना काही होत नाही म्हणजे काही घडत नाही असं नाही. कोलिनेस्टरेज हळूहळू खाली आलं तर लक्षणं दिसायला वेळ लागतो. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत झालेल्या अभ्यासांत ऑर्गॅनोफॉस्फेटच्या संपर्कात राहिलेल्या लोकांत पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा धोका वाढलेला दिसला, आणि पॉन-१ चा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांत तो जास्त दिसला. या लोकांना तरुणपणी संध्याकाळी घाम फुटलेलाच असेल असं नाही.

छाटणीचा विषय निघालाच आहे म्हणून एक इशारा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना जी पेस्ट लावतात, त्यातल्या हायड्रोजन सायनामाइडचा दारूशी उभा दावा आहे. दारू पचवणारं एक एन्झाइम ते बंद पाडतं. त्या दिवशी, आदल्या दिवशी किंवा नंतरच्या काही दिवसांत घेतली, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब कोसळू शकतो. हे कुणालाही होतं, जनुकांवर फारसं अवलंबून नाही. पेस्ट लावायला येणाऱ्या टोळीला हे आधीच सांगा. दिवसभराच्या कामानंतर थकवा घालवायला घेणारे त्यात असतात.

आता मुलं आणि जाऊबाई. पॉन-१ ची एक प्रत तुमच्याकडून, एक मिस्टरांकडून, त्यामुळे मुलांचं मिस्टरांसारखंच असेल असं मुळीच नाही. पण धाकट्याच्या बाबतीत जनुक कुठलंही असो, वयच आड येतं. सॅलिनासच्या त्याच अभ्यासात नवजात बाळांमध्ये हे एन्झाइम आयांच्या तुलनेत सरासरी चौपट कमी होतं, आणि ते मोठ्यांच्या पातळीला यायला पुढची काही वर्षं जातात. म्हणून फवारणीचे कपडे बाळाच्या कपड्यांत टाकू नका. रबरी मोजे घालून वेगळ्या बादलीत धुवा, तुमच्या हातांसाठीसुद्धा. मिस्टर आणि भावजी साबणाने डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय बाळाला घेणार नाहीत, हा नियम करा. रिकामे डबे घरात धान्याला, पाण्याला वापरायचे नाहीत. औषधाची खोली मोठ्याच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा.

जाऊबाईंनी या गरोदरपणात फवारलेल्या बागेत काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फेलफूट काढणं आणि विरळणी ही बायांची कामं म्हणून हलकी समजतात. पण दिवसभर उघड्या हातांनी औषध बसलेली पानं आणि घड हाताळायचे असतात, आणि ते औषध नाळेतून बाळापर्यंत जातं. सॅलिनासमध्ये ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी या औषधांचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली सरासरी सातव्या वर्षी कमी आली. मजुरी वाचते म्हणून घरच्या बाईला पाठवायचं असतं हे मला माहीत आहे. या वर्षी एक मजूर जास्त लावा.

जन्मतः असलेला फरक माहीत असणं खरोखर उपयोगी पडतं अशाही जागा आहेत, त्या तुमच्या घराशी संबंधित आहेत म्हणून लिहितो. पहिली म्हणजे डांबर गोळ्या. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम काही मुलांत जन्मतः कमी असतं; ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते. अशा बाळाला या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासाच्या गोधडीत गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. हिवताप मुळापासून जावा म्हणून देतात त्या प्रायमाक्विनच्या गोळीनेही तेच होतं. बाळाच्या कपड्यांत, पाळण्याच्या गोधड्यांत डांबर गोळ्या ठेवूच नका.

दुसरी तुमच्या रक्ततपासणीतूनच निघेल. मिस्टरांचा छाटणीआधीचा, औषधापासून लांब असतानाचा सिरम कोलिनेस्टरेजचा आकडाच फार कमी आला, आणि यकृताचा आजार नसेल, तर ते एन्झाइम जन्मतः कमी असण्याची शक्यता असते. काही घराण्यांत आणि समाजांत ते उतरतं. अशा माणसाला ऑपरेशनच्या वेळी स्कोलिन हे भुलीचं इंजेक्शन दिलं, तर काही मिनिटांत यायचा श्वास तासन् तास परत येत नाही. तो कागद जपून ठेवा आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना दाखवा. जन्मतः कमी नसलं तरी हंगामात ऑपरेशनची वेळ आली, तर औषध मारत होतो हे भूलतज्ज्ञांना सांगायचंच.

येत्या आठवड्यात मिस्टरांना फिजिशियनकडे घेऊन जा. दमा, रक्तदाब, साखर हेही बघून घेतील, कारण छाती आवळण्याला आणखी कारणं असू शकतात. जाताना मागच्या हंगामात मारलेल्या औषधांची यादी न्या. दुकानाची बिलं असतील तर तीच न्या, त्यात नाव आणि तारीख दोन्ही असते.

आणि फवारणीच्या दिवशी पुन्हा तसं काही झालं तर सकाळपर्यंत वाट बघू नका. कपडे लगेच उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, केस आणि नखांखालीसुद्धा. धुणाऱ्याने मोजे घालावेत. ओकारी काढू नका, मीठपाणी किंवा दूध पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सिव्हिलला न्या, आणि औषधाचा डबा लेबलसकट बरोबर घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट आहे हे डॉक्टरांना दारातच कळलं तर ॲट्रोपिन हा उतारा तिथल्या तिथे सुरू होतो. भावजींच्या आणि मोठ्या गड्याच्या मोबाईलमध्ये हा परिच्छेद फोटो काढून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही घरी असाल आणि ते बागेत.